मीठ विसरलेले जिवाणू

बाई, आज गुरुवार, त्यामुळे एमआयडीसी बंद आहे आणि शेजारच्या गाळ्यातला पत्रे ठोकणारा प्रेस गप्प आहे. एरवी त्याच्या दणक्यांनी माझ्या टेबलावरच्या काचेच्या नळ्या दिवसभर कुणकुणत असतात. मला त्याचा वैताग यायचा, पण आज ती कुणकुण नाही तर काही सुचत नाहीये. तळवड्यातल्या या गाळ्यात मी एकटीच आहे. वॉचमनकाकांनी शटर अर्ध्यावर उचलून मला आत घेतलं आणि विचारलं, "मॅडम, आज बी ड्युटी?" मी म्हटलं, जिवाणूंना गुरुवार कुठला. हे तुमचं वाक्य. तुम्ही सुट्टीच्या दिवशी कॉलेजात यायचात तेव्हा शिपायाला हेच सांगायचात, फक्त तुमचा वार रविवार होता. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही, पण तुमची वाक्यं मी अशी बिनदिक्कत खपवत असते आणि लोकांना ती माझीच वाटतात.

कॉलेजातली तुमची प्रयोगशाळा मला स्वयंपाकघरासारखी आठवते, कारण ती जवळजवळ तशीच होती. निर्जंतुक करायचं यंत्र कायम बिघडलेलं, म्हणून तुम्ही घरचा प्रेशर कुकर पिशवीत घालून आणायचात. त्यात बटाटे उकडायचे, त्या पाण्यात ते गोठवायला अगरची पूड घालून जिवाणूंचं खाणं तयार करायचं, त्याला माध्यम म्हणायचं, आणि उरलेले बटाटे तिखटमीठ लावून आम्हाला व्हरांड्यात खायला द्यायचे. माझे वडील पिंपरीतल्या एका कंपनीत शिफ्टला जायचे, आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मायक्रोबायोलॉजी म्हणजे काय, हे आईला सांगता सांगता मी दमले आणि शेवटी म्हणाले, दही लावायचं शास्त्र. ती म्हणाली, मग त्याला फी कशाला भरायची, माझ्याकडेच शीक. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून हसला होतात, आणि पुढे वर्गात दर वर्षी पहिल्या दिवशी ते सांगायचात म्हणे.

एकदा तुम्ही आम्हाला याच बाजूला घेऊन आलात. तेव्हा इथे आयटी पार्क नव्हता, पेव्हर ब्लॉक नव्हते, ओढ्याच्या कडेला नुसता माळ होता आणि उन्हाळ्यात त्याच्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरायचा, रांगोळी सांडल्यासारखा. ऊन डोक्यावर आहे, पोरी कंटाळल्यात, कोणीतरी उसाच्या रसाचं विचारतंय. तुम्ही मात्र वाकला आहात. सगळ्या पांढऱ्यात एकटंच हिरवं राहिलेलं गवताचं ठोंब तुम्ही घरच्या चमच्याने उकरता, मुळांसकट, मातीसकट, आणि पोळ्यांच्या डब्यात टाकता. "सगळं करपलं आणि हे टिकलं, म्हणजे याच्या मुळाशी कोणीतरी राहतंय," असं म्हणता. नंतर फळ्यावर समजावलंत. खारट जमिनीत रोप मिठाने मरायच्या आधीच घाबरून स्वतःची वाढ थांबवतं. ती घाबरण्याची खबर ज्या कच्च्या मालातून तयार होते तोच हे जिवाणू खाऊन टाकतात. शिवाय मुळांना चिकट लेप देतात, त्यात थोडं मीठ अडकून पडतं. जमीन काही गोड होत नाही, मीठ जिथल्या तिथे राहतं, फक्त रोपाला धीर येतो. मला हे इतकं आवडलं की मी ते घरी जाऊन वडिलांनाही समजावलं. ते सेकंड शिफ्टहून आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आमच्या लाइनवर सोड दोन-चार.

आणि मग ती प्रॅक्टिकलच्या परीक्षेच्या आधीची सकाळ. त्या मुळांवरून काढलेले जिवाणू तुम्ही मिठाच्या माध्यमावर वाढवायला लावायचात आणि त्यावर ते रडतखडत वाढायचे. मला घाई होती. मी मीठ घातलंच नाही. दुसऱ्या दिवशी माध्यमाच्या काचेच्या प्लेट्स अशा भरून आल्या की दुधावर साय धरावी. मी त्या मिरवत तुमच्या टेबलावर नेल्या. तुम्ही झाकण उघडलंसुद्धा नाही. "मीठ किती घातलंस?" मी म्हटलं, नाही घातलं. "हे मिठात राहतात म्हणून आपण यांना आणलं ना? ते कामच काढून घेतलंस तर हे कशाला ध्यानात ठेवतील? सोय कोणाची केलीस, यांची की तुझी?" सगळ्या वर्गासमोर. वर त्या भरलेल्या प्लेट्स माझ्याच हाताने कुकरमध्ये घालून मारायला लावल्यात. मला तुमचा भयंकर राग आला होता. एवढंसं मीठ, आणि एवढं बोलायचं, असं वाटलं. त्या रात्री मी जेवले नाही, आणि आईने तुम्हाला घरात बसून चार शब्द सुनावले.

निवृत्त होताना तुम्ही बाकीच्यांना पेनं दिलीत. मला एक काचेची नळी दिलीत, कापसात गुंडाळून, डब्यात घालून. आत तेच जिवाणू. पेन असतं तर मी कपाटात ठेवून मोकळी झाले असते. पण तुम्ही जिवंत काहीतरी दिलंत, आणि जिवंत गोष्टीला महिन्याच्या महिन्याला ताज्या माध्यमावर हलवावं लागतं, नाहीतर ती मरते. सुरुवातीला नळी आमच्या कासारवाडीच्या घरातल्या फ्रीजमध्ये होती, कोथिंबिरीच्या शेजारी. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "लोकांची लेकरं शाळेत जातात, माझ्या पोरीचं बाटलीत बसलंय." मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आईने पाणी घ्यायला फ्रीज उघडला, ती नळी बघितली, आणि पुन्हा त्यांचा निरोप आला नाही. आम्ही त्यावर फार हसलो. हैदराबादची नोकरी आली तेव्हा मात्र हसू आलं नाही. आईचे गुडघे, वडिलांची खोकल्याची उबळ ही कारणं मी सगळ्यांना सांगितली, ती खरीही होती. पण तोवर या गाळ्यात नोकरी लागली होती, मी सोबत आणलेल्या तुमच्या जिवाणूंचं खत इथे टाकी भरभरून तयार होत होतं, ते नळीतून हलवायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि मी राहिले. बाई, मी अडकले. तुम्ही प्रेमाने दिलंत हे मला कळतं, पण दर वेळी जिवाणू हलवण्याआधी नळीच्या तोंडाला आच दाखवताना मनात येतं, की त्या दिवशी पेन का नाही मिळालं मला.

इथले मालक वाईट नाहीत. ते मूळचे फॅब्रिकेशनवाले, भोसरीत त्यांचं वर्कशॉप होतं. जिवाणू खताची टाकी त्यांनी स्वतः उभं राहून वेल्ड करून घेतली, आणि तिच्यावर त्यांचा पोटच्या पोरीसारखा जीव आहे. सुरुवातीची काही वर्षं मी तुमच्या पद्धतीनेच चालवलं, टाकीतल्या माध्यमातही मीठ घालून. एक दिवस त्यांनी मला बोलावलं, टाकीत बॅटरी मारली आणि आत बघायला लावलं. मिठाने स्टीलला जागोजागी खड्डे पाडले होते, देवीचे व्रण असावेत तसे. "मॅडम, टाकी गेली तर आपण गेलो," ते म्हणाले. "मीठ काढा. पोटभर मिळालं की खूशच राहतील ना ते? शेवटी बॅक्टेरिया तर तेच आहेत." मी म्हणाले, तसं नसतं साहेब. ते म्हणाले, "मग कसं असतं?" आणि मी त्यांना सांगायला लागले, खबर, कच्चा माल, चिकट लेप, आणि ते घड्याळाकडे बघत राहिले. मीठ निघालं. मूळच्या नळ्या तरी मिठाच्याच ठेवायच्या म्हणून मी इथल्या फ्रीजमध्ये वेगळी रांग ठेवली होती. मग लॉकडाऊन लागला. आमची गल्ली पत्रे ठोकून बंद केली, मी कासारवाडीत आणि नळ्या तळवड्यात. मी खिडकीत उभी राहून पत्र्याकडे बघायचे आणि नळ्या सुकत चालल्याचं मला दिसायचं. मालकांनी टाकीत सोडायच्या बिनमिठाच्या नळ्यांची एक पेटी तेवढी उचलून स्वतःच्या घरी नेली, इडलीच्या पिठाशेजारी ठेवली आणि मला फोटो पाठवला, "तुमची मंडळी सुखरूप." परत आले तेव्हा माझी मिठाची रांग मेलेली होती आणि बिनमिठाची पेटी ठणठणीत. काम सुरू करायचं होतं. पेटीतूनच सुरू केलं. दर बॅचला जिवंत पेशी किती, त्यात भलतं काही शिरलंय का, हे तपासतो, ते नेहमी चोख निघतं. मिठात टिकतात का, हे आम्हाला कोणी विचारत नाही, म्हणून आम्हीही विचारलं नाही.

यंदा थंडी सरत असताना एक मावशी गेटवर आल्या. तशा त्या जुन्याच, आमचं खत अगदी सुरुवातीपासून नेणाऱ्या. चाकणच्या अलीकडे त्यांचं रान आहे, आता थोडंच उरलंय, दोन कंपन्यांच्या कंपाउंडच्या मधे. भिंतींमुळे पावसाचं पाणी निघून जात नाही आणि बोअरचं पाणी खारट झालंय. त्यात त्या मेथी, कोथिंबीर करतात आणि स्वतः बाजारात बसून विकतात. मुलगा, सून दोघं कंपनीत, त्यांना ह्या उद्योगाची लाज वाटते असं त्याच सांगतात. त्या दिवशी त्यांनी पदराखालून मेथीची जुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. पानांच्या कडा करपलेल्या, देठं बारीक. मी म्हटलं, हे कधीपासून? "दोन-तीन सालं झाली, दर खेपेला कमीच. तुमची बाटली टाकती मी येळच्या येळी. माझ्याच हातनं कायतरी चुकत आसंल बगा. पयली बोटं चालायची, आता डोळं बी तसं न्हाईत." त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या, आणि जाता जाता सांगितलं, "पोरगं म्हनतंय, शेजारच्या कंपनीला ट्रेलर उभं करायला देऊन टाकू. मी म्हनलं, ह्या खेपेची मेथी बगू दे. आली तर ठेवते, न्हाई तर दे म्हनलं, मी काय बोलत न्हाई." आणि मला म्हणाल्या, "मॅडम, तुमी एवढ्या शिकलेल्या, मला एकदा नीट दावा, कसं टाकायचं ते."

बाई, मी त्यांना दाखवलं. किती पाण्यात किती, बी कसं चोळायचं, सावलीत कसं वाळवायचं. त्या मान डोलावत होत्या आणि ते सगळं त्या आधीपासून बरोबरच करत होत्या. त्या गेल्यावर मी टाकीतले जिवाणू मिठाच्या माध्यमावर टाकले. त्यांच्या बोअरच्या पाण्यात असेल साधारण तेवढंच मीठ घातलं होतं, जास्त नाही. प्लेट्स कोऱ्या राहिल्या. पुन्हा टाकले, मीठ निम्मं केलं, तरी जेमतेम. बिनमिठाच्या प्लेट्सवर मात्र साय. मी त्या दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बसले आणि मला तुमचा आवाज आला असं लिहिणार होते, पण तसं काही झालं नाही. मला प्रेसचा आवाज येत होता आणि पॅकिंगच्या बायका हळदीकुंकवाच्या वाणाचं काहीतरी बोलत होत्या.

मागच्या आठवड्यात मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं, या वेळी न थांबता. त्यांनीही घड्याळाकडे बघितलं नाही. त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवला. मग म्हणाले, "अजून कोणाला बोललात?" मी नाही म्हटलं. "हे बघा मॅडम, लेबलवर आपण लिहिलंय क्षारपड जमिनीसाठी. माल सगळीकडे गेलाय. आता तोंड उघडलं तर सगळा माल परत येईल. बाहेर त्या बाया बसल्यात, त्यांना मी काय सांगू?" मी म्हटलं, आणि शेतकऱ्यांना काय सांगायचं? ते म्हणाले, "मी कुठं म्हणतोय काही करू नका. सिझन जाऊ द्या, तोवर तुम्ही तुमचं करा, मीठबीठ घालून पुन्हा तयार करा. नवी छोटी टाकी देतो, प्लास्टिकची. पण आत्ता गप्प बसा, राव." मला ते कधी राव म्हणत नाहीत. त्यांचे डोळे घाबरलेले होते. मी त्यांच्यावर चिडायला गेले होते आणि त्यांची कीव करत बाहेर आले, आणि या कीव करण्याचाच मला जास्त राग आला. बाहेर बायकांनी विचारलं, "मॅडम, बोनसचं काय बोलले का साहेब?" मी म्हटलं, बघू.

बोलले तर हा गाळा बंद, गप्प बसले तर मावशींच्या रानात ट्रेलर. सोडून जाऊ म्हटलं तर या वयात कुठे जाऊ, आणि टाकीत जे आहे ते कोणाच्या हवाली करू? तुमच्या त्या माळावर परत जाऊन नवं ठोंब उकरावं, हेही मनात आलं. खरंच गेले होते. तिथे आता पार्किंग आहे, कुंड्यांमध्ये नर्सरीतून आणलेली लाल माती आहे आणि सिक्युरिटीवाल्याने मला कोणाला भेटायचंय असं हिंदीत विचारलं.

तेव्हापासून मी एकच करतेय. टाकीतल्या जिवाणूंना मिठाच्या प्लेट्सवर टाकत राहायचं, थोड्या थोड्या मिठापासून सुरू करून, कोणाला तरी अजून आठवत असेल या आशेवर. रोज सकाळी इन्क्युबेटर उघडायचा आणि कोऱ्या प्लेट्स कुकरमध्ये टाकायच्या. हो, माझ्याकडेही कुकरच आहे. आणि काल, बाई, एका प्लेटवर एक ठिपका उगवला. एकच, दुधी-पिवळट, गोल, भरपूर मिठावर आरामात बसलेला. रीत अशी, की आधी तो रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायचा, मग पुढचं. मी रीत मोडली. तसाच उचलून मिठाच्या पाण्यात सोडला, आणि आज सकाळी फ्लास्क गढूळ झालेला आहे, म्हणजे आत भराभर वाढतंय. मी मावशींना फोन करून टाकला. म्हटलं, पेरणी एक दिवस थांबवा, तुमच्यासाठी वेगळी बाटली करतेय, ही कोणाला दिलेली नाही. त्या एवढ्या खूश झाल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "उद्या सकाळच्या पयल्या बशीनं येते," म्हणाल्या, "मला ठावं हुतं, तुमी कायतरी करनार."

फोन ठेवल्यावर मी स्लाइड केली. ती रंगवली, धुतली, सुकवली. तुमचे असतील तर गुलाबी दिसतील, आखूड काड्या. पण मीठ सोसणारे आणखीही असतात, हे तुम्हीच शिकवलंत. माणसाच्या कातडीवर, घामात, ते मजेत राहतात, आणि जांभळ्या दाण्यांच्या घोसासारखे दिसतात. ठिपका प्लेटच्या अगदी कडेला होता, जिथे झाकण उचलताना बोट लागतं. माझंच बोट. आत फ्लास्कमध्ये वाढतंय ते तुम्ही माळावरून आणलेलं असेल, किंवा माझ्या हाताचा मळ असेल, आणि ते कळायला मला मान खाली घालून एका डोळ्याने बघायचं आहे, एवढंच काम उरलं आहे.

मायक्रोस्कोप समोर आहे, दिवा लावलेला आहे, स्लाइड बाजूला तशीच पडली आहे. मी बसल्या बसल्या तुम्हाला एवढं सगळं लिहिलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. मावशी उद्या पहिल्या बसने येतेच म्हणाल्या आहेत, आणि सकाळपासून मला मनापासून वाटतंय, की त्यांनी येऊ नये.